तिसरी वही

लाँग्रच्या तटबंदीवर वारा असा येतो
की माणूस आपोआप कमी बोलतो.
दर गुरुवारी साडेसातला आम्ही जमतो
सुऱ्यांच्या बंद कारखान्याच्या वरच्या मजल्यावर,
कोट अंगावरच ठेवून.
ओदील गुडघ्यावर नादकाटा आपटते,
कानाशी धरते, स्वर गुणगुणते.
एवढाच आमचा वाद्यवृंद.

साडेचारशे वर्षांपूर्वी
मातुरँ ओबेल नावाच्या गृहस्थाने
चार आवाजांसाठी एक प्रार्थना लिहिली,
छापली चार वेगळ्या वह्यांत.
ज्याची वही त्याचा आवाज.
दुसऱ्याचं काय चाललंय ते कागदावर नसतं,
कानांनी चाचपायचं,
अंधारात जिन्याचा कठडा चाचपावा तसं.
अख्खं गाणं कुणाच्याच हातात नाही.

त्यातल्या उरल्या तीन.
एक गेली उंदरांकडे, किंवा क्रांतीत,
किंवा कुणा कारकुनाच्या शेगडीत.

मी दुसऱ्या आवाजात.
माझ्या वाट्याला बहुतेक दोनच स्वर,
सुरीला धार लावावी तसे,
ही बाजू, ती बाजू.
तक्रार नाही.

आन्सेल्म कुर्तियाद शाळेत भूगोल शिकवायचा.
हरवलेली ओळ त्यानं पेन्सिलीनं लिहायला घेतली.
अकरा हिवाळे.
म्हणायचा, नदी आटली तरी
काठ सांगतात ना, ती कुठून वळली.
खोडून खोडून कागद इतका विरला
की दिव्यासमोर धरला तर
पलीकडचा माणूस दिसे.
एके ठिकाणी बाकीचे सगळे खाली बसतात,
तिथे त्यानं एक चढण घातली,
सहा स्वरांची.
सायकलचं पंक्चर काढतानाही
शिटीवर तीच.

फेब्रुवारीत तो गेला.
आम्ही चढण गायलो. बास्तियँचा आवाज फाटला.
वाद्य नसलं की थांबता येत नाही,
एक थांबला की सगळं कोसळतं,
म्हणून फाटक्या आवाजानेच तो वर पोचला.

जूनमध्ये दिजाँहून पत्र.
मिठाच्या कराची एक जाडजूड चोपडी,
तिच्या पुठ्ठ्यात खळ लावून दडपलेली पानं.
तिसरी वही.
बांधणाऱ्याच्या सुरीनं
प्रत्येक पानाची खालची ओळ कापलेली.

आणि चढणीच्या जागी
विराम.
सतरा मात्रा, काही नाही.
ओदीलनं मोजलं. परत मोजलं.
आन्सेल्मची गिलेन चष्मा पुसत म्हणाली,
"गप्प बसायचं होतं होय तिथे?
मग त्याला कसं सापडणार!"
आम्ही हसलो,
आणि मग कुणाकडे बघावं कळेना.

तीन गुरुवार भांडण.
फिर्मँ म्हणाला, छापलंय ते खरं.
बास्तियँ म्हणाला, मग छापखान्यालाच गाऊ दे.
अखेर ठरलं, सुरीनं कापलं तिथे पेन्सिल,
मौन छापलंय तिथे मौन.

नोव्हेंबर. चर्चमध्ये साठ माणसं, दोन हीटर.
ती जागा आली.
बास्तियँ विजारीच्या शिवणीवर
बोटांनी मात्रा मोजत उभा,
ओठ घट्ट.
आणि त्या मोकळ्या पटांगणात
मला ऐकू आले
माझे दोन स्वर.
ही बाजू, ती बाजू.
खर्ज त्यांच्यावर रेललेला,
वरचा आवाज त्यांना धरून उतरत होता.
म्हणजे ही जागा मातुरँनं
मुद्दाम सोडली होती,
आणि आन्सेल्म, तुझ्या त्या देखण्या चढणीखाली
इतकी वर्षं मी...
पुढचं मनातसुद्धा बोलले नाही.
श्वास घ्यायचा होता.

संपल्यावर ओदीलनं हळूच नादकाटा आपटला.
अर्धा स्वर खाली आलो होतो.
कुणाला कळलं नाही,
सगळे मिळून उतरलो होतो ना.

दाराशी शाल सावरत गिलेननं विचारलं,
तो गप्प होता तेवढा वेळ
काय ऐकत होतीस गं?

वारा, म्हटलं मी.